यावलच्या काळ्या जमिनीत सुवासिक अझेलिया जगेल का? (माती-पाण्याचा अहवाल दिला आहे)

केळीपट्टा_यावल

राम राम मंडळी. घराच्या पूर्वेला कंपाउंडच्या आत साधारण तीन मीटर रुंदीचा पट्टा मोकळा आहे. सकाळी ऊन, दुपारनंतर घराची सावली. तिथे चार अझेलिया लावायचा विचार आहे. नर्सरीत मिळते ती रंगीत, बिनवासाची नको. अमेरिकेच्या पूर्वेकडे रानात आपोआप उगवणारी, पांढऱ्या फुलांची, लवंगेसारख्या वासाची जी जात आहे, ती किंवा तिच्या भाऊबंदांपैकी एखादी हवी.

माती: सामू (पीएच) ८.२, ईसी (क्षारांचं माप) ०.४, मुक्त चुना ६ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के. खोल काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.
पाणी: बोअरचं, सामू ७.८, बायकार्बोनेट ६ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर. केळीला हेच पाणी ठिबकने जातं.

विचारायचं असं की, खड्ड्यात गंधक टाकून सामू ५.५ पर्यंत उतरवता येईल का, आणि किती लागेल? नाहीच जमलं तर कुंडीत जमेल का? मे महिन्यातले ४४-४५ अंश हे झाड सोसेल का, हाही प्रश्न आहेच.

माती_आणि_ठिबक

भाऊ, अहवाल दिलात हे फार बरं केलं. त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही, सरळ हिशोब करता येतो.

एक खड्डा धरा, १ मीटर × १ मीटर × ३० सेंटीमीटर खोल. त्यात साधारण ३९० किलो माती. ६ टक्के मुक्त चुना म्हणजे त्या एका खड्ड्यात २३ किलोच्या वर चुना. एक किलो गंधक मातीतल्या जिवाणूंनी आम्लात बदलला की जेमतेम ३ किलो चुना मारतो. म्हणजे एका खड्ड्याला साडेसात किलो गंधक, चार खड्ड्यांना ३० किलो. आणि हा चुना संपेपर्यंत सामू ५.५ च्या दिशेने सरकतच नाही. आठाच्या आसपास अडून बसतो. लोक खड्ड्यात मूठभर गंधक टाकतात आणि सहा महिन्यांनी म्हणतात, काही फरक पडला नाही. पडणार कसा?

बरं, टाकलाच ३० किलो, तरी दर खड्ड्यात ४० किलोच्या आसपास जिप्सम तयार होतं. अझेलियाच्या मुळांना एवढे क्षार चालत नाहीत. शिवाय खड्ड्याच्या चारही बाजूंनी तुमची चुनखडीची काळी माती आहेच. पावसाळ्यात ओल बाजूने आत येते आणि चुना घेऊन येते.

आता पाण्याकडे बघा, कारण खरा घात तिथे आहे. ६ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट म्हणजे चुन्याच्या भाषेत लिटरला ३०० मिलिग्रॅम. उन्हाळ्यात झाडाला रोज ४ लिटर दिलं तर रोज १.२ ग्रॅम, मार्च ते जून १२० दिवसांत १४४ ग्रॅम चुना तुम्ही स्वतःच्या हाताने मुळाशी ओतणार. केळीला त्याचं काही वाटत नाही. अझेलियाला वाटतं, कारण तिची मुळं केसासारखी बारीक असतात, त्यांना मूलरोम नसतात, आणि लोह-नत्र उचलायला त्या मुळांत राहणारी बुरशी मदत करते. हा सगळा संसार सामू ४.५ ते ६ मध्ये चालतो. सामू सातच्या वर गेला की मातीत लोह असूनही ते हाती लागत नाही.

आपल्याकडे अझेलिया मेली की दोष उन्हाला देतात. ऊन शेवटचा धक्का देतं, एवढंच. नवीन पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी दिसू लागतात, ते बहुतेक वेळा फेब्रुवारीतच, थंडी असतानाच. जुनी पानं आधी पिवळी पडली तर ते नत्र कमी पडल्याचं लक्षण, नवीन पडली तर लोहाचं. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या तर क्षार. तिन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी पान नीट बघायचं.

आणि त्या भेगा. अझेलियाची जवळपास सगळी मुळं वरच्या १५-२० सेंटीमीटरमध्ये पसरतात. काळी माती फाटली की ती मुळं सुताच्या धाग्यासारखी तुटतात. पावसाळ्यात तीच माती फुगून हवा बंद करते, मग मूळकूज. तेव्हा जमिनीत लावायचा बेत सोडा.

गच्चीबाग_धुळे

जमिनीचं वरच्या दादांनी सांगितलंय, त्यात भर घालण्यासारखं काही नाही. कुंडीचं मी सांगते. कुंडीत झाड जगवता येतं, फुलांचं मात्र वचन देता येणार नाही. कारण खाली येतंच.

कुंडी मातीची, १४ इंची, तळाला निदान तीन भोकं. प्लास्टिकची काळी कुंडी उन्हात ठेवली तर कडेची माती पन्नाशीला जाते आणि मुळं शिजतात. मातीची कुंडी पाझरते, त्यामुळे आत गारवा राहतो. एप्रिल-मे-जूनसाठी ही कुंडी १८-२० इंची दुसऱ्या कुंडीत ठेवा आणि मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा. वाळूला बोअरचं पाणी चालेल असं वाटतं, पण नको. मातीची कुंडी ते पाणी आतही ओढते.

मिश्रण मापाने: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ५ भाग, चीडच्या सालीचे ५-१० मिलिमीटरचे तुकडे ३ भाग, जुनं कुजलेलं पानांचं खत १ भाग, परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे) १ भाग. कोकोपीटची ५ किलोची वीट फुगवून तीन पाण्यांनी धुवा, तीही मऊ पाण्यानेच. धुतल्याशिवाय वापरलं तर त्यातलं मीठ पहिल्याच महिन्यात पानांच्या कडा जाळतं. परलाइट नसेल आणि नदीची वाळू घ्यायची असेल तर आधी चमचाभर वाळूवर संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका. बुरबुरली तर त्यात चुनखडीचे खडे आहेत, ती वाळू नको. शेणखत, राख, हाडांचं खत, कोंबडीखत यांतलं काहीही नको.

लावताना बघा, नर्सरीतून आलेला मुळांचा गड्डा बहुधा पीटमधला असतो आणि प्रवासात वाळून ठिक्कर झालेला असतो. वरून पाणी घातलं की ते कडेने निघून जातं, गड्डा आतून कोरडाच. म्हणून आधी बादलीत बुडवायचा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं. मग गड्ड्याच्या बाजू बोटांनी किंवा काट्याने मोकळ्या करायच्या आणि गड्ड्याचा वरचा काठ मिश्रणाच्या पातळीपेक्षा १-२ सेंटीमीटर वर ठेवायचा. खोल लावली की खोडाजवळ कूज ठरलेली. वर सालीचा ४-५ सेंटीमीटर थर, पण खोडाला टेकवायचा नाही. कुंडीत खुरपं कधीच घालायचं नाही.

पाणी पावसाचंच. हिशोब: उन्हाळ्यात एका कुंडीला रोज ४ लिटर धरले तर १२० दिवसांत ४८० लिटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज दीड लिटर म्हणजे आणखी २२५. चार कुंड्यांना मिळून तीन हजार लिटरची टाकी पुरते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे दहा चौरस मीटर पत्र्यावरून ही टाकी आरामात भरते. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या. आणि उन्हासाठी चुना मारलेल्या गच्चीचं पाणी अजिबात धरू नका. आपल्याकडे निम्म्या गच्च्या तशाच असतात. टाकी काळी आणि झाकणबंद, नाहीतर शेवाळ आणि डास.

खत: अमोनियम सल्फेट लिटरला १ ग्रॅम, नवी वाढ चालू असताना पंधरा दिवसांतून एकदा, कुंडी ओली असताना. केळीचं उरलेलं कॅल्शियम नायट्रेट कुंडीत ओतायचा मोह होईल, तो आवरा. नायट्रेट नत्र या झाडाला नीट वापरता येत नाही आणि या खताने सामू चढतो. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्चपासून, मेमध्ये ७५ टक्के. दुपारच्या झळा पश्चिमेकडून येतात, त्या बाजूला भिंत किंवा नेट हवंच. कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळं दिसलं की पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या पोटावर मारायचा, सकाळी लवकर.

केळीपट्टा_यावल

ताई, दादा, आभार. दोन शंका. एसीच्या नळीतून निघणारं पाणी आणि आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का? आणि पाऊसपाणी संपलं तर बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्व घालून चालवता येईल का?

माती_आणि_ठिबक

एसीचं चालतं, ते हवेतलं बाष्प आहे, त्यात चुना नाही. आरओचं शुद्ध पाणी चालतं, वाया जाणारं नाही. त्यात तर मूळ पाण्यातले क्षार दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीतलं पाणी सगळ्यात वाईट. दिवसभर पाणी उडत राहतं, क्षार मागे राहतात. कूलरच्या गवतावर पांढरा थर साचतो ना, तोच.

लिंबूसत्त्वाबद्दल: तुमच्या पाण्याला १० लिटरमागे साधारण ५ ग्रॅम लागेल, सामू ५.५ ते ६ वर येईल, कागदाची पट्टी लावून खात्री करा. पण ही सोय पाहुण्यासारखी, चार दिवसांची. मातीतले जिवाणू ते सत्त्व खातात आणि त्यातून पुन्हा बायकार्बोनेट तयार होतं. म्हणजे बादलीत सामू उतरलेला दिसतो, कुंडीत काही आठवड्यांनी परत चढतो. पक्कं काम गंधकाम्लाने होतं: नवं बॅटरी ॲसिड १० लिटरला सुमारे ५ मिली. जुन्या बॅटरीतलं कधीच नाही, त्यात शिसं असतं. ठिबक साफ करायला ॲसिड वापरता, तेव्हा नियम माहीत आहेच: पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही, हातमोजे, चष्मा. टाकी संपल्यावरचे दोन-तीन आठवडे निभावायला ठीक, वर्षभर नको.

पान पिवळं पडलंच तर लोह द्या, पण कोणतं ते बघून. लिंबूवाल्यांना ठाऊक असेल, ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए घ्या, लालसर तपकिरी दाणे असतात, एका कुंडीला १ ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळाशी. फवारणीला फेरस सल्फेट लिटरला २ ग्रॅम आणि अर्धा ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी. लिंबाला ५ ग्रॅम चालतं म्हणून इथे तेवढं मारू नका, कोवळी पानं काळी पडतात.

रानफुले_नंदुरबार

जातीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

लवंगेच्या वासाची पांढरी म्हणता ती शास्त्रीय नावाने ऱ्होडोडेंड्रॉन व्हिस्कोसम. तिकडे मेन राज्यापासून फ्लोरिडापर्यंत दलदलीच्या आणि ओढ्याच्या काठांवर वाढते. दीड ते अडीच मीटर उंची, फुलाची नळी बाहेरून चिकट, पानं आल्यावर फुलते, उन्हाळ्याच्या तोंडाला. ओल सोसणारी आहे, पण ती आम्ल पाण्याची ओल, आपल्या काळ्या चिखलाची नव्हे. दुसरी ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरेसेन्स, पांढरी फुलं आणि लाल पुंकेसर, डोंगरी ओढ्यांची, तिला आपली हवा आणखीच परकी. तिसरी ऱ्होडोडेंड्रॉन ऑस्ट्रिनम, पिवळी-केशरी, उत्तर फ्लोरिडा आणि दक्षिण अलाबामाकडची, उष्णता सोसण्यात या तिघींत पुढे. माझ्या मते कुंडीत करून बघायचीच असेल तर हीच बघा. रंग पांढरा नाही, पण वास आहे.

अडचण थंडीची. या सगळ्या पानगळीच्या जाती. हिवाळ्यात काही आठवडे सलग गारठा मिळाला की कळ्यांची झोप मोडते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १०-१२ अंश होतात खरे, पण दुपारी पारा २८-३० वर. तेवढ्याने कळ्या एकदम फुटत नाहीत; काही घट्टच राहून वाळतात, काही मार्चच्या उन्हात उघडून दोन दिवसांत करपतात. गच्चीबागवाल्या ताई फुलांचं वचन देत नाहीत ते यामुळे.

नर्सरीत अझेलिया म्हणून जे मिळतं ते बहुतेक ऱ्होडोडेंड्रॉन सिम्सीचे संकर, सदाहरित, कुंडीतली. दार्जिलिंग-कालिम्पोंगकडची रोपं असतात. त्यांना थंडी कमी लागते, म्हणून इथे निदान फुलतात, पण वास नसल्यातच जमा. ऑनलाइन 'सुगंधी अझेलिया' लिहिलेलं दिसलं तर जातीचं पूर्ण नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका.

परदेशातून बी मागवायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात चार बिया टाकून पोस्टाने मागवणं बेकायदा आहे. रीतसर बी मिळालंच तर नोव्हेंबरात पेरा. बी धुळीसारखं बारीक, त्याला उजेड लागतो, म्हणून झाकायचं नाही. ओल्या चाळलेल्या पीटवर नुसतं पसरायचं, वर काच किंवा पिशवी. २० ते २४ अंशांत दोन ते चार आठवड्यांत उगवतं. पाणी वरून घातलं तर वाहून जातं, खालून परातीत ठेवून द्यायचं. फूल दिसायला निदान तीन-चार वर्षं.

आणि एक, ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्यांनी वाचा: अझेलियाच्या पानाफुलांत ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. शेळीने खाल्ली तर लाळ, उलट्या, धाप, प्रसंगी मरते. कुंडी उंचावर ठेवा, छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका.

सातपुडा_पायथा

भाऊ, मी उलट्या बाजूने बोलतो. तीन हजार लिटरची टाकी, दोन-दोन कुंड्या, ॲसिड, शेडनेट, आणि इतकं करून फुलेलच याची खात्री नाही. तोरणमाळला कोणाचं घर असेल तर त्याने करून बघावं. ११५० मीटरच्या आसपास उंची, जळगावपेक्षा पाच-सहा अंश गार. तरी पाण्याचा सामू तिथेही तपासायचाच. यावलच्या खोल काळीत कशाला हा अट्टहास?

रानातलं आणि सुवासिक हवंय ना, तर आपल्याच डोंगरातली झुडपं बघा. डिकेमाली: कोरड्या पानगळीच्या जंगलातली, अनंताची सख्खी बहीण, खडकाळ जागेतली. पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी पिवळं पडतं, वास अंगणभर. कळीच्या टोकाला पिवळा डिंक असतो, तीच औषधातली डिकेमाली. वाढ फार सावकाश, ही खोट आहे. तिला काळी माती थेट देऊ नका. ६०-७० सेंटीमीटर उंच गादीवाफा करून निम्मा मुरूम मिसळा, म्हणजे पावसाळ्यात पाणी तुंबत नाही.

पारिजातकाला काही सांगायला नको. फक्त त्यालाही उंचवट्यावर लावा, काळीत पाणी साचलं की पाय कुजतो. मेंदीचं कुंपण म्हणून लोक छाटत राहतात म्हणून तिचा मोहोर कोणाला माहीतच नाही. एका बाजूची मेंदी न छाटता वाढू द्या, संध्याकाळी वास काय असतो ते कळेल. पाण्यातल्या चुन्याने तिला काही होत नाही.

कुंतीही चालते, पावसानंतर वासाला तोड नाही. पण शेजारी लिंबू-मोसंबीची बाग असेल तर लावू नका. कुंतीवर सिट्रस सिला नावाची कीड राहते आणि तीच ग्रीनिंग रोग बागेत नेते.

गच्चीबाग_धुळे

सातपुडावाल्या भाऊंचं जमिनीपुरतं बरोबर आहे. पण एक कुंडी हौसेने ठेवायला हरकत काय? चारऐवजी एक केली तर ८०० लिटरच्या टाकीत भागतं, एसी असेल तर त्याहूनही कमीत.

राहिलेलं एक सांगते, छाटणीचं. फुलं गळल्यापासून तीन आठवड्यांच्या आत शेंडे खुडायचे, नंतर नाही. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्या-पावसाळ्यातच धरतात, दिवाळीला छाटलं तर कळ्याच छाटल्या जातात. आणि पावसाळ्यात माती ओली असूनही झाड मलूल दिसलं तर पाणी वाढवू नका. गड्डा काढून बघा: निरोगी मूळ पांढरट, कुजलेलं तपकिरी आणि चिमटीत ओढलं की वरची साल निसटून येते. तसं असेल तर कुजलेली मुळं कापा, कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि फोसेटिल ॲल्युमिनियम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम मुळाशी ओता.

केळीपट्टा_यावल

ठरलं मग. पट्ट्यात मुरमाचा वाफा करून दोन डिकेमाली आणि एक पारिजातक. कुंती नाही, बांधापलीकडे लिंबाची बाग आहे. कुंडी एकच, ऑस्ट्रिनम रीतसर मिळाली तर. डिकेमालीची रोपं कुठे बघावीत?

सातपुडा_पायथा

वनविभागाच्या रोपवाटिकेत पावसाळ्याआधी चौकशी करा, मे अखेरीस. जंगलातून उपटून आणू नका, मूळ खोल असतं, जगत नाही आणि परवानगीही नसते. रोप घेताना पिशवीच्या तळातून मूळ बाहेर येऊन गोल फिरलेलं नाही ना ते बघा. तसलं रोप काळीत दोन-दोन वर्षं हलत नाही.